कोरं परत करायचं पुस्तक

तीर्थस्वरूप वन्संना,

गुडघा दुखतो आहे, त्यामुळे जितकं वाकता येईल तितकं वाकून नमस्कार. उरलेला नमस्कार समक्ष भेटीत पुरा करीन. तुमचा खोकला कसा आहे? डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तुम्ही अर्ध्या अर्ध्या करून घेता, म्हणजे दुप्पट दिवस पुरतात, असं मागच्या पत्रात लिहिलं होतंत. मला ते फार पटलं. तुमच्या भावाचं म्हणणं असं की मग खोकलाही दुप्पट दिवस पुरतो. (मी त्यांना म्हटलं, मोठ्या बहिणीबद्दल असं बोलू नये. तर म्हणतात, "मी खोकल्याबद्दल बोलतोय.") शेजारचा तो कुत्रा अजून तुमच्याच पायरीवर झोपतो का? झोपू द्या. राखण फुकट होते.

इकडे देवाच्या दयेने सगळे सुखरूप आहोत. तुमच्या भावाचं गोदामातलं काम नेहमीसारखंच आहे. मालाला पाय फुटतात, आणि ते कुठे गेले हे ह्यांनी सांगायचं. भिंगरीची परीक्षा झाली. तिची हकिगत तुम्हाला कळवावी एवढ्यासाठीच हे पत्र. दुसरं काही कारण नाही, हे आधीच सांगून ठेवते. कारण आमचं पत्र आलं की आम्हाला काहीतरी हवं असणार, असं तुम्हाला वाटतं. (वाटण्यात चूक नाही. पण दर वेळी तसं नसतं.)

तुम्हाला ठाऊकच आहे की आमच्या गल्लीतल्या शाळेत दोन वर्गांना मिळून एक बाई. त्या डावीकडच्या पोरांना शिकवतात तेव्हा उजवीकडची पोरं तोंडावर बोट ठेवून बसतात, आणि उजवीकडच्यांना शिकवतात तेव्हा डावीकडची. म्हणजे आपली मुलगी वर्षातला अर्धा वेळ फक्त बोट ठेवायला शिकली. टेकडीवरची शाळा वेगळी. तिथे परीक्षा घेऊन मोजकीच मुलं निवडतात, आणि एकदा का निवडलं की मॅट्रिकपर्यंत फी नाही, पुस्तकं शाळेची, आणि दर विषयाला वेगळे मास्तर. फक्त ही परीक्षा जन्मात एकदाच देता येते. नापास झालं की झालं, पुन्हा टेकडी चढायची ती हवा खायला. त्यामुळे यंदा काही करून भिंगरीला तिथे घालायचं हे मी देवापाशी बोलून ठेवलं होतं. (पहिला नंबर मागितला नाही. आपली ऐपत ओळखून मागावं. मी म्हटलं, शेवटचा दे, पण यादीत दे.)

वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचा मुलगा याच परीक्षेसाठी क्लासला जात होता. तिथे म्हणे पंखे आहेत आणि मुलांना छापील चिठ्ठ्या देतात. एकदा जिन्यात मला म्हणाल्या, "अहो, घरच्या घरी शिकवून कुठे होतं का? आणि तेही तुमच्या मॅट्रिकवर?" मी म्हटलं, "मॅट्रिकवर नाही हो, देवावर." तोंडावर बोलले खरी, पण घरात येऊन देवाला पुन्हा आठवण करून दिली. आणि त्याच आठवड्यात तुम्ही आल्यात आणि ते सरावाचं पुस्तक दिलंत. खाकी कव्हर घातलेलं, कोपरे जसेच्या तसे, तुमच्या चिरंजीवांनी सोडवून, पुसून, जसं होतं तसं ठेवलेलं. तुमचं सारं आयुष्य ग्रंथालयात गेलं, तेव्हा पुस्तक म्हणजे तुमचा जीव की प्राण. पहिल्या पानावर नियम लिहिलेले होतेच, तरी उंबऱ्यात उभं राहून तुम्ही मला बजावलंत: लिहायचं ते पेन्सिलने आणि हलक्या हाताने, तपासून झालं की सगळं पुसायचं, पुस्तक कोरं परत करायचं, पुढच्याला उपयोगी पडेल. रिक्षात बसता बसता पुन्हा बजावलंत. रिक्षा सुरू झाल्यावर मान बाहेर काढून पुन्हा. (तुमच्या भावाने नंतर विचारलं की आपल्या सगळ्या गोतावळ्यात आता त्या वयाचं पोर उरलेलं नाही, मग पुढचा म्हणजे कोण? मी म्हटलं, जन्माला यायचा असेल. पुस्तक त्याची वाट बघेल.)

तेव्हापासून आमचा नेम ठरला. दुपारची भांडी झाली की मी आणि भिंगरी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली सतरंजी टाकून बसायचो. ती चाचणी सोडवायची, मी तपासायची, ती पुसायची. दुसऱ्या दिवशी तीच चाचणी पुन्हा. पुस्तक एक, पण पुरलं किती म्हणता! क्लासवाल्यांच्या छापील चिठ्ठ्या एकदा लिहिल्या की रद्दी. आमचं पान रोज सकाळी नव्याने कोरं. काटकसरीला देवाची साथ असते ती अशी.

तपासायचं मात्र सोपं नव्हतं. उत्तरांची पानं तुम्ही तुमच्याकडेच ठेवून घेतली होतीत (उत्तरं जवळ असली की मुलं बिघडतात हे अगदी खरं आहे, पण आईसुद्धा बिघडली असती तर थोडं बरं झालं असतं). त्यामुळे प्रत्येक गणित आधी मला सोडवावं लागे, तेही कणीक मळताना. एक गणित माझ्या डोक्यात अजून रुतून बसलं आहे. एक काम आठ माणसं बारा दिवसांत करतात, तर सोळा माणसं किती दिवसांत करतील? पुस्तकाच्या मते सहा. आता तुम्हीच सांगा वन्सं, सोळा माणसं एका ठिकाणी आली तर काम लवकर होतं का? आठ जण काम करतील, चार जण ते कसं करावं हे सांगतील आणि उरलेले चहा कुठे मिळतो ते बघायला जातील. मी भिंगरीला म्हटलं, उत्तर सहा लिही, पण विश्वास ठेवू नकोस.

वेगळी वस्तू ओळखा म्हणून एक प्रकार असतो. चमचा, वाटी, ताट, कात्री. तिने ताटावर खूण केली. मी डोळे वटारले तर म्हणते, "आई, कात्री आपल्याकडे चमच्यांच्याच डब्यात असते आणि वाटी त्या डब्यावर झाकण असते. ताट एकटंच खिडकीत." बघायला गेले तर खरंच तसं. आता चूक म्हणावी की घराची शिस्त बदलावी? कात्री उचलून शिवणाच्या पेटीत टाकली. तेव्हापासून तुमच्या भावाला दुधाची पिशवी कापायला काही सापडत नाही.

फाशांच्या गणितासाठी फासा हवा होता. विकत कशाला आणायचा, म्हणून मी अंगाच्या साबणाची नवी वडी चौकोनी कापून तिच्यावर आकडे कोरले. एकाच्या समोर सहा, दोनाच्या समोर पाच, हे तिला एका दुपारी पाठ झालं. दुसऱ्या दिवशी तुमचे बंधू त्याच फाशाने आंघोळ करून आले आणि म्हणाले, "चार धुऊन गेला, बाकीचे आहेत." आरशातल्या आकृत्यांची तर आणखीच मजा. आरसा काढून स्वयंपाकघरात आणला होता, आणि हे अर्ध्या गालाला फेस लावून घरभर आरसा शोधत होते. शेवटी आमच्यासमोर मांडी घालून बसले आणि तिथेच दाढी उरकली. भिंगरीने त्यांच्यावरून एक प्रश्नही सोडवला: माणसाच्या डाव्या गालावर फेस असेल तर आरशात तो कुठे दिसेल? (ह्यांनी उत्तर चुकीचं दिलं. कोणाला सांगू नका.)

पण वन्सं, सगळ्यात कौतुकाची गोष्ट म्हणजे तिचं पुसणं. सुरुवातीला ती खसाखसा रबर घासायची आणि पान सुरकुतायच्या बेताला यायचं. माझा जीव खालीवर व्हायचा. वाटायचं, तुम्ही तिकडे खोकत असाल तेवढ्यात ठसका लागून कळेल तुम्हाला. मग तिला शिकवलं: रबर एकाच दिशेने फिरवायचं, दुसरा तळहात पानावर ठेवायचा, भुगा फुंकायचा नाही, जुन्या रुमालाने टिपायचा, शेवटी पान उजेडात धरून बघायचं. असा हात बसला की बघत राहावं. गणित बरोबर आलं तर मी "बरं" म्हणायची, पण पान कोरं झालं की "शाब्बास!" म्हणायची. हिशेबाच्या वहीत पूर्वी मी खोडरबर किरकोळात टाकत होते, ते आता वाण्याच्या खाली स्वतंत्र लिहिते.

परीक्षेच्या दिवशी तिला फाटकात सोडलं आणि मी बाहेर कठड्यावर नामस्मरण करत बसले. आसपास सगळ्या आया. एक थर्मास घेऊन आली होती, एक रडत होती, शिंपीणबाई दुसऱ्या एकीला क्लासचा पत्ता देत होत्या. मी डोळे मिटून घेतले. घंटा झाली. पोरं बाहेर यायला लागली, कोणी लाल डोळ्यांनी, कोणी उड्या मारत. भिंगरी सगळ्यांच्या मागून, हळूहळू, कंपासपेटी छातीशी धरून आली. चेहरा असा शांत, की मला देव पावलाच असं वाटलं.

"कसा गेला गं?"

"सोपा होता. सगळं आलं. वेळसुद्धा उरला."

"मग उरलेल्या वेळात पुन्हा तपासून पाहिलंस ना?"

"पाहिलं. आणि मग स्वच्छ पुसून दिला."

वन्सं, त्या क्षणी माझ्या कानात नुसता शंखध्वनी झाला. मी विचारलं, काय पुसलंस? म्हणाली, पेपर. सगळा? हो, सगळा, शेवटच्या पानापर्यंत, उजेडात धरूनसुद्धा पाहिला. आणि वर मलाच म्हणते, "आई, बाकीच्या मुलांनी तसाच दिला गं. पुढच्याने काय करायचं?"

मग मला काही आठवत नाही. गुडघा दुखतो हेही आठवलं नाही. तिला हाताला धरून "देवा, देवा" करत मी फाटकातून आत गेले ती थेट मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत. शिपाई "अहो बाई, अहो बाई" करत मागे. मुख्याध्यापिका म्हणजे बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या, चहाच्या कपावर वही झाकून ठेवणाऱ्या. (मला तिथेच त्या आवडल्या.) मी काय बोलले देव जाणे, पण त्यांनी पर्यवेक्षक बाईंना बोलावलं आणि गठ्ठ्यातून भिंगरीची पुस्तिका काढून घेतली. कोरी करकरीत. वर नाव आणि क्रमांक तेवढा होता, कारण तो पेनाने लिहायला सांगितला होता.

पर्यवेक्षक बाईंना रडू फुटायचं बाकी होतं. म्हणाल्या, "मी बघत होते हो हिला. शेवटची वीस मिनिटं रबर चाललं होतं. मला वाटलं, बिचारीच्या चुकाच फार!"

मुख्याध्यापिकाबाईंनी पुस्तिका खिडकीशी धरली, तिरकी केली, चष्मा वर सारला. म्हणाल्या, कागदावर दाब दिसतोय, लिहिलेलं होतं खरं, पण काय ते वाचता येत नाही. मग भिंगरीला विचारलं, "बाळ, का पुसलंस?" ती म्हणाली, "पुस्तक कोरं परत करायचं असतं." हे ती इतकं सहज म्हणाली, जसं काही बाईंनाच ते ठाऊक नाही. बाईंनी कपाटातून नवी पुस्तिका काढली आणि तिला आपल्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसवलं. मला समोरच्या बाकावर, तोंड भिंतीकडे करून बसायला सांगितलं. आणि तिचं रबर काढून घेतलं. रबर देताना मात्र पोरीचा चेहरा पडला.

आता बघा देवाची करणी. आमच्याकडे एकच चाचणी पुन्हा पुन्हा सोडवायची सवय! इतर पोरं तोच पेपर पुन्हा पुढे आला असता तर रडली असती. हिने निम्म्या वेळात संपवला. मी भिंतीकडे बघत नुसता पेन्सिलचा आवाज ऐकत होते. संपल्यावर तिचा हात सवयीने टेबलावर चाचपडायला लागला. "बाई, हा आता असाच द्यायचा?" "असाच." "घाण दिसेल." "दिसू दे." तेवढ्यात बाई पानं उलटता उलटता हसल्या. सोळा माणसांच्या गणिताचं उत्तर तिने बरोबर लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरात, "पण आईला असं वाटत नाही."

निघताना बाई म्हणाल्या, निवड समितीपुढे ठेवीन, काळजी करू नका. घरी येऊन तुमच्या भावाला सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं, मग हसू लागले, मग म्हणाले, "ताईला कळवू नको." म्हणून कळवते आहे. खरं सांगू का वन्सं, मी समाधानी आहे. पोरीला सगळं येत होतं हे मला भिंतीकडे तोंड करून बसल्या बसल्या कळलं, आणि मी मॅट्रिकवर शिकवलेलं वाया गेलं नाही हेही कळलं. दुपारी अजूनही आम्ही सतरंजी टाकतो. सवयच लागली आहे. आता ती मला गणितं घालते आणि मी चुकले की मोठ्या बाईसारखी "बरं" म्हणते. देवाने यादीत नाव दिलं तर त्याची कृपा, नाही दिलं तर तोंडावर बोट ठेवायला तिला येतंच.

तब्येतीला जपा. गोळ्या निदान खोकला असेपर्यंत तरी पूर्ण घ्या. कमीजास्त लिहिलं गेलं असेल तर धाकटी समजून पोटात घाला.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. वर लिहिलं की दुसरं काही कारण नाही, ते लिहिताना खरंच होतं. शाळेतून काल आलेला निरोप लिहायचा राहिला, एवढंच. भिंगरीचे गुण यादीत बसतात. पण समितीत एक गणिताचे सर आहेत, त्यांनी अडवलं. त्यांचं म्हणणं, मुलगी मधल्या वेळात फाटकाशी आईजवळ होती, आईने उत्तरं सांगितली नसतील कशावरून? (मी फक्त "देवा, देवा" म्हणत होते. त्यातून कोणतं उत्तर निघतं?) आणि म्हणाले, सोडवलेला पेपर पुसून देणारं मूल मी तरी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, अशी रीत कुठल्या घरात असते याचा पुरावा आणा. मी म्हटलं, आणते. तुम्ही पुस्तकाच्या पहिल्याच पानावर सगळे नियम आपल्या हाताने लिहून सही केली होतीत ना! आज सकाळी पुस्तक घेऊन ताठ मानेने समितीपुढे गेले आणि पहिलं पान उघडलं. पान कोरं. वन्सं, पुस्तक खराब होऊ नये म्हणून तुम्ही नियमसुद्धा पेन्सिलनेच लिहिले होतेत, आणि आपल्या पोरीने पहिल्याच दिवशी ते वाचून, समजून, पुसून टाकले होते. सरांनी सगळं पुस्तक शेवटपर्यंत चाळलं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "हे तर कोणी उघडलेलंसुद्धा दिसत नाही." अभिमानाने ऊर भरून आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. मुख्याध्यापिकाबाईंनी पुढच्या शुक्रवारपर्यंत जागा धरून ठेवली आहे. घराबाहेरच्या कोणी प्रतिष्ठित व्यक्तीने, मग ती नात्यातली का असेना, लेखी दिलं तर सर मानतील असं ठरलं.

तेव्हा विनंती अशी, की निवृत्त ग्रंथपाल या नात्याने तुम्ही मुख्याध्यापिकाबाईंना एक पत्र लिहावं, की हे पुस्तक आपणच, कोरं परत करण्याच्या अटीवर दिलं होतं, आणि आपल्या घरी सगळ्याच वस्तूंना अशी अट असते. तुमच्या भावाने सुचवलं की पाहुण्यांना टॉवेल देताना तुम्ही वहीत नोंद करता आणि काड्यापेटीतल्या जळक्या काड्या दुसऱ्या शेगडीसाठी जपून ठेवता, हीही उदाहरणं घालावीत. मी नको म्हटलं. पण घातलीत तर बळकटी येईल.

ता. क. दुसरा. यात कोणी तुम्हाला चिक्कू म्हणतं आहे असं कृपा करून मनात आणू नका. मी काटकसरी आहे, तुम्ही तत्त्वनिष्ठ आहात. मुख्याध्यापिकाबाई तर म्हणाल्या, "या बाईंना एकदा भेटायला हवं." स्वतःच आलात तर उत्तमच. सरांनी तुम्हाला पाच मिनिटं पाहिलं की पत्राचीसुद्धा गरज लागणार नाही.

ता. क. तिसरा. सोबत पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे. आणि वन्सं, आजवर तुमचा शब्द मी कधी मोडला नाही, म्हणून एवढं एकच हक्काने मागते. पोरीच्या जन्माचं काम आहे. पेनाने लिहा.